सख्खे असतील तर पन्नास

"आत येऊ नकोस," हिरानोबाई म्हणाल्या आणि हातातला खराटा त्यांनी माझ्यासमोर आडवा धरला.

मी एवढंच म्हणाले होते, की माझे वडील गेले. पाच महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना घरचं काही सांगत होते. जपानी वाक्य चुकू नये म्हणून सकाळपासून मनात चार वेळा घोकलं होतं. आणि ते ऐकून बाईंनी खराटा आडवा धरला.

"कधी गेले?"

"मंगळवारी. मागच्या."

"मग पन्नास दिवस आत यायचं नाही."

मी तोरीखाली उभी होते. तोरी म्हणजे त्यांच्या देवळाची कमान, दोन लाल खांब आणि वर आडव्या तुळया. दार नाही, कुलूप नाही, कुणीही यावं-जावं. माझा एक पाय आत होता आणि एक बाहेर फुटपाथवर. मागून सुटाबुटातली माणसं जेवायला धावत होती. मी आतला पाय बाहेर घेतला.

"आमच्यात तीन दिवस असतात," मी म्हणाले. "ते झाले. मी अंघोळ पण केली."

"तीन? वडिलांचे?"

"हो."

"सावत्र होते?"

"नाही. सख्खे."

"सख्खे असतील तर पन्नास," बाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून झाडायला लागल्या.

मला इतका राग आला, की डब्याची पिशवी हातात तशीच घेऊन मी चालती झाले. कोल्ह्याच्या देवळातूनसुद्धा आपल्याला हाकललं, असं मनात म्हणत होते. ते देऊळ इनारी देवाचं होतं. त्याच्यापुढे दगडी कोल्हे बसवतात आणि त्यांच्या गळ्यात लाल लाळेरी बांधतात.

तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीनं मला वर्षभरासाठी तोक्योला, एका विमा कंपनीच्या कचेरीत पाठवलं होतं. काम दुभाष्याचं. पुण्याची माणसं काय म्हणतात ते जपान्यांना सांगायचं, जपानी काय म्हणतात ते पुण्याला, आणि दोन्हीकडचा राग मधल्यामध्ये गाळून घ्यायचा. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे वाहायचं. माझ्याशी म्हणून कुणी बोलत नसे. वाईट नव्हती माणसं. पहिल्या आठवड्यात मी टेबलावर फोडणीच्या भाताचा डबा उघडला, तर शेजारच्या मोरितासानांनी ('सान' म्हणजे आपलं 'राव' किंवा 'बाई') उठून खिडकी किलकिली केली, मला वाकून नमस्कार केला आणि परत बसले. दुसऱ्या दिवशी मी डबा उघडायच्या आधीच खिडकी उघडली गेली. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर पडले.

हमरस्त्यामागच्या गल्लीत, एक बँक आणि एक दहा मजली इमारत यांच्या फटीत ते देऊळ सापडलं. आमच्या बार्शीतल्या गल्लीच्या म्हसोबाला याहून जास्त जागा आहे. कमान, हात धुवायचं दगडी टाकं, दोन कोल्हे, हातभर उंचीचं लाकडी देवघर आणि हिरव्यागार पानांचं एक गिंको झाड. पण कमानीतून चार पावलं आत गेलं, की रस्त्याचा आवाज निम्म्यावर यायचा. मी मोठ्या खुशीत आत शिरले आणि कुणीतरी ओरडलं.

"मधून चालू नकोस! मधली वाट देवाची!"

या हिरानोबाई. सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, अंगात निळा एप्रन. देवळाला लागूनच त्यांचं शिक्क्यांचं दुकान. जपानात सहीऐवजी शिक्का मारतात, तसले नावाचे शिक्के त्या हातानं कोरत. गल्लीतल्या देवळाची झाडलोट त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेली, लग्नाच्याही आधीपासून, असं त्या सांगत. माझं नाव त्यांनी विचारलं. वैजयंती म्हटल्यावर त्यांनी तीनदा झटापट केली आणि 'वैजा'वर तोडगा काढला. माझे वडील, अण्णा, तेही मला वैजाच म्हणायचे.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी तिथं ओरडून घ्यायला जाऊ लागले. वाकले नाही म्हणून ओरडा, वाकले ती घाईनं वाकले म्हणून ओरडा, टाळ्या दोन वाजवायच्या त्या तीन वाजवल्या म्हणून ओरडा. कडेच्या दगडावर बसून मी जेवायचे आणि त्या झाडता झाडता बोलायच्या. मी पुष्कळदा डबा पुढे केला, पण त्यांनी कधी त्यातलं शीत उचललं नाही. एकट्या माणसाला कुणी रागावलं तरी बरं वाटतं. हे ज्यानं एकटेपण काढलंय त्यालाच कळेल.

अण्णांना हे सगळं ठाऊक होतं. अण्णांची बार्शीत टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अकरा मशिनी, त्यातल्या नऊ चालू. आई मी नववीत असताना गेली. मी लग्न होऊन सोलापूरला गेले आणि दोन वर्षांत परत आले, तेव्हा अण्णांनी काही विचारलं नाही. सात नंबरच्या मशिनीवरचं कव्हर काढलं आणि म्हणाले, "बस." महिनाभर मी तिथं नुसतं टायपिंग करत होते. बायका काही ना काही निमित्तानं यायच्या आणि माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. एक दिवस अण्णा म्हणाले, "वैजा, अशी एखादी भाषा शीक की बार्शीतल्या कुणाला तुला प्रश्नच विचारता येणार नाही." मी पुण्याला जाऊन जपानी शिकले. ते गमतीनं म्हणाले होते, की खरंच, ते मला कधी कळलं नाही.

दर रविवारी दुपारी चार वाजता मी स्टेशनजवळच्या सार्वजनिक फोनवरून कार्ड घालून बार्शीला फोन लावायचे. तिकडे साडेबारा झालेले असत. फोन अण्णांच्या टेबलावर, दुसऱ्या घंटेला ते उचलणार. दोन प्रश्न ठरलेले. काय खाल्लंस, आणि कुणाशी बोललीस? दुसऱ्याला मी म्हणायचे, हिरानोबाईंशी. मग ते विचारायचे, "या आठवड्यात कशावरून रागावल्या?" आणि मी सांगू लागले की हसता हसता त्यांना खोकला यायचा.

त्या वर्षी दसरा शनिवारी होता. रविवारी मी फोन लावला तो सोनं घ्या म्हणायला. सात-आठ घंटा झाल्यावर फोन दादानं उचलला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, रमाकांत.

"दादा, सोन्यासारखा राहा. अण्णांना दे."

नुसती खरखर ऐकू आली. मला वाटलं लाइन गेली.

"वैजे," तो म्हणाला, "अण्णा गेले गं."

"कुठं गेले?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"मंगळवारी. सांजच्याला चहा पिऊन बसले, अन् मान टाकली. डाक्टर यायच्या आत सगळं झालं."

"मंगळवारी? दादा, आज रविवार आहे."

"दोन दिवस लावायलो की तुझ्या हापिसात फोन. कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलायलंय, मला काय कळंना. मी ठेवून द्यायलो. काय करणार मग मी, सांग."

मी म्हणाले, मी येते. तो म्हणाला, "आता येऊन काय करणारंस? राख सावडून झाली. दहाव्याला सगळे पाहुणे येणार. तिकडचे सोलापूरचे पण येतील, रीत म्हणून. तुला बघून परत तेच उगाळत बसतील. अन् गुरुजींना विचारलं मी. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिवस. ते तर होऊन गेले. तू आता डोक्यावरनं अंघोळ कर, म्हणजे झालं."

"माझं लग्न मोडलंय, दादा."

"ते बी विचारलं," तो हळूच म्हणाला. "मोडलं तरी झालेलंच धरतात."

कार्ड संपत आलं होतं. शेवटी तो म्हणाला, यंदा खंडेनवमीला मशिनींना फुलं घातली नाहीत. मग फोन बंद झाला.

आई गेली तेव्हा मला दादाइतकेच दिवस मिळाले होते. दोघांनी मिळून भिंतीकडेला घोंगड्यावर बसून काढले होते. आणि अण्णांचं सुतक मला कळायच्या आधीच फिटलं होतं. मंगळवार, बुधवार, गुरुवार मी काय करत होते ते आठवून पाहिलं. गुरुवारी तर कचेरीतल्या कुणाच्या तरी निरोपाच्या जेवणात गाणं म्हटलं होतं. मी खोलीवर आले, अंघोळ केली, केस पुसले आणि बसून राहिले. रडू येईना. ज्याची मुदत संपली त्याला रडायचं तरी कसं, असं काहीतरी डोक्यात होतं. कचेरीत कुणाला सांगायचं तर काय सांगणार? वडील गेले, पण माझं सगळं झालं?

म्हणून सोमवारी मी हिरानोबाईंना सांगायला गेले. मला दुसरं कुणी नव्हतं. आणि त्यांनी खराटा आडवा धरला.

मंगळवार ते गुरुवार मी कचेरीच्या जिन्यात जेवले. सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये एक चौकोनी जागा होती, तिथं आग विझवायचं नळकांडं होतं आणि मी होते. तिथं कुणी येत नसे, सगळे लिफ्टनं जात. इतकी एकटी मी आयुष्यात कधी झाले नाही. सोलापूरला नवऱ्याच्या घरीसुद्धा नव्हते, तिथं निदान भांडायला माणसं होती. तीन दिवस मी बाईंना मनातल्या मनात जपानीत शिव्या दिल्या. त्या भाषेत शिव्या फार कमी आहेत, लवकर संपतात.

शुक्रवारी मात्र माझे पाय आपोआप त्या गल्लीत वळले. ठरवलं होतं की समोरच्या फुटपाथवरून नुसतं जायचं. तर कमानीच्या बाहेर, शीतपेयांच्या मशिनीशेजारी, दोन प्लॅस्टिकचे क्रेट पालथे घातलेले. एकावर हिरानोबाई बसलेल्या.

"तीन दिवस कुठं होतीस?" त्या तिथूनच ओरडल्या.

"तुम्हीच म्हणालात येऊ नको."

"आत येऊ नको म्हटलं होतं. येऊच नको असं कोण म्हणालं?"

मी उभीच राहिले.

"हा क्रेट मंगळवारी मांडला," त्या म्हणाल्या. "पाऊस आला म्हणून आत घेतला, परत मांडला. कुठं जेवत होतीस?"

"जिन्यात."

"मूर्ख," त्या म्हणाल्या. "बस."

मी बसले. डबा उघडला. भात होता आणि आमच्या भागातली शेंगाची चटणी. निघताना अण्णांनीच भाजून, कुटून, दोन पिशव्यांत बांधून दिली होती. त्यातली दुसरी पिशवी आता तळाला आली होती. हिरानोबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं. मग वळून देवघराकडे तोंड केलं आणि बसल्या जागी खाली वाकून नमस्कार केला. बराच वेळ वाकून राहिल्या. मग माझ्यासमोर तळहात धरला.

"दे."

"तिखट आहे."

"दे म्हटलं ना."

मी भातात चटणी कालवून एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, जोरात ठसकल्या, डोळे पुसले आणि दुसरा मागितला. मला वाटलं, माझं मन राखायला खातायत.

तेव्हापासून आम्ही रोज बाहेर बसायला लागलो. माझी जेवणाची सुट्टी पाऊण तासाची. समोरून माणसांचा लोंढा वाहत असायचा, सायकली जायच्या, मशीनमध्ये खडखडून बाटल्या पडायच्या. फुटपाथवर क्रेट टाकून बसलेल्या दोन बायकांकडे कुणी बघत नसे, तोक्योत तशी रीतच नाही. झाडायचं काम आता कोपऱ्यावरचे दारूचे दुकानदार ओगावासान करत होते. साठीचे, गोल पोटाचे. ते झाडायचे आणि हिरानोबाई बाहेरून ओरडायच्या. "डावीकडचं राहिलं! कोल्ह्याच्या मागे बघ! मधून चालू नकोस रे!"

"तुम्ही का नाही झाडत?" मी विचारलं.

"म्हातारी झाले," त्या म्हणाल्या.

गुडघे धरले असतील, असं मी गृहीत धरलं.

रोज जेवण झालं की त्या विचारायच्या, "हं, आज वडिलांचं काय सांगतेस?" पहिल्या दिवशी मी म्हणाले, काही नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ते टायपिंग शिकवायचे. मग त्यांना मशीन कसलं ते सांगावं लागलं, रिबन सांगावी लागली, अकरातल्या दोन का बंद होत्या तेही सांगावं लागलं. बाईंच्या प्रश्नांना अंत नसे. हातानं काम करणारा माणूस म्हटल्यावर त्यांना रस. अण्णा मुलांच्या बोटांवर रुमाल टाकून न बघता टाइप करायला लावायचे, हे त्यांना फार आवडलं. नाव काय त्यांचं, म्हणून विचारलं. मार्तंड, मी म्हणाले. "मारुतांदो," त्या म्हणाल्या आणि नंतर कायम ते नाव घेऊनच विचारू लागल्या. मारुतांदोसानांनी दुसरं लग्न का नाही केलं? मारुतांदोसानांना गोड आवडायचं का?

एके दिवशी सात नंबरच्या मशिनीचं सांगत होते. महिनाभर मी टायपिंग केलं त्यातला एकही कागद अण्णांनी टाकला नव्हता, फाइल करून ठेवला होता. निरर्थक अक्षरं नुसती. ते सांगता सांगता मला रडू फुटलं. दिवसाढवळ्या, फुटपाथवर, तोंडात घास असताना. असं रडले की श्वास घेता येईना. हिरानोबाईंनी माझ्या पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. त्या उठून माझ्यापुढे उभ्या राहिल्या, रस्त्याच्या बाजूनं, आणि ओगावासानांवर नेहमीच्या दुप्पट आवाजात ओरडू लागल्या. येणारे-जाणारे सगळे बिचाऱ्या ओगावांकडे बघत होते.

बार्शीला तेरावं झालं त्या आठवड्यात मी दादाला फोन केला.

"केलीस का अंघोळ?" त्यानं विचारलं.

"केली होती. पण मी सुतकात आहे. पन्नास दिवस."

"पन्नास? हे कुणी काढलं?"

"इथं असतं तसं."

"अगं, आपल्यात नाही तसं. लेकीनं इतकं धरलेलं चालतंय का, मला विचारून सांगू दे."

"विचारू नकोस, दादा," मी म्हणाले. "आजवर कधी तुझ्याशी भांडले नाही. यावर भांडीन."

मागे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मला तेरा दिवस होते," तो एकदम म्हणाला. "पाहुण्यांना चहा देण्यात गेले बघ. एकदा नीट बसलो नाही मी अण्णांसाठी. माझ्या वाटचे बी तूच धर."

त्यानंतर मला दादाचा राग आला नाही.

नोव्हेंबर लागला. गिंकोची पानं गळायला लागली. ते झाड एकदा गाळायला लागलं की थांबत नाही. ओगावासान घामाघूम व्हायचे. एक दिवस मी आले तर हिरानोबाईंकडे गिऱ्हाईक होतं, म्हणून मी एकटीच क्रेटवर बसले. ओगावासान पानांचं पोतं ओढत बाहेर आले आणि हाश्शहुश्श करत बाईंच्या क्रेटवर टेकले.

"अजून किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"देवा रे."

"माझ्यामुळे तुम्हाला काय त्रास?" मी म्हणाले. "हिरानोसानांचे गुडघे बरे झाले की त्या झाडतीलच."

"गुडघे?" ओगावासान माझ्याकडे बघत राहिले. "तिच्या गुडघ्यांना काय धाड भरलीय? दिवसातून चार वेळा माडीवर चढते ती."

"मग?"

"मग काय? तुझ्या डब्यातलं खाल्लं ना तिनं. दुखवट्यातल्या माणसाच्या हातचं खाल्लं की तोही दुखवट्यात. जुनी चाल आहे. आता कुणी पाळत नाही, माझ्या आजीबरोबर गेली ती. मी म्हटलं, दोन घासांनी देवाला काय कळतंय? तर म्हणते, मला कळलं ना." त्यांनी कपाळ पुसलं. "दुकानातल्या देवाच्या फळीवर पांढरा कागद लावलाय, बघितला नाहीस? दुखवट्यात असाच झाकतात."

मी बघितला होता. मला वाटलं होतं रंग देणार असतील.

आणि मला कळायला नको होतं? मी बार्शीची. सुतकाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, हे पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं. आई गेली तेव्हा शेजारच्या काकू दारातून भांडं सरकवून मागच्या मागे जात होत्या, ते मी डोळ्यांनी बघितलेलं. आणि इथं एका बाईनं समोर बसून, आधी देवाची रजा घेऊन, हात पसरून माझ्याकडून सुतक मागून घेतलं होतं. मी मात्र म्हणत होते, तिखट आहे.

गिऱ्हाईक गेलं. हिरानोबाई बाहेर आल्या, ओगावासानांना क्रेटवरून उठवलं आणि बसल्या.

"तुम्ही का खाल्लंत?" मी विचारलं.

त्यांनी ओगावासानांकडे जळजळीत बघितलं. ते पोतं घेऊन सटकले.

"भूक लागली होती," त्या म्हणाल्या.

"खरं सांगा."

त्यांनी एप्रनवर पडलेलं गिंकोचं पान झटकलं.

"एकटीनं पन्नास दिवस फार होतात," त्या म्हणाल्या. "नवरा गेला तेव्हा मी काढलेत. ओगावानं तेव्हाही वाईटच झाडलं होतं." मग माझ्या डब्याकडे बोट केलं. "जेव. गार झालं."

एक्कावन्नाव्या दिवशी, बुधवारी, मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं, वडिलांचा दुखवटा. मोरितासानांनी ते वाचलं, उठून उभे राहिले आणि कमरेत वाकले. ते इतका वेळ वाकून होते की मलाच कसंतरी झालं. कुणाला सांगितलं असतं तर ऐकलं असतं कदाचित. मीच सांगितलं नव्हतं.

कमानीपाशी हिरानोबाई एप्रन काढून उभ्या होत्या. मी त्यांना एप्रनशिवाय कधी पाहिलं नव्हतं. अगदी लहानशा दिसत होत्या. दोघी वाकलो, दोघी कडेनं आत गेलो. आत सगळीकडे पिवळी पानं होती, ओगावासानांनी आज मुद्दाम झाडलं नव्हतं. टाक्यावर हात धुतले, चूळ भरली. पाणी थंडगार होतं. देवघरासमोर उभ्या राहिलो.

"नाव-गाव सांग आता," बाई म्हणाल्या. "पन्नास दिवस आली नाहीस. देवाला ओळख पटायला हवी."

माझ्या पासपोर्टवर, कचेरीच्या कार्डावर, बँकेच्या कागदावर माझ्या नावापुढे त्या सोलापूरच्या माणसाचं नाव होतं. आपल्याकडे बाईच्या नावात मधे आधी बापाचं नाव असतं, मग नवऱ्याचं. नवरा सुटला तरी ते निघत नाही, त्याला अर्ज लागतात, प्रतिज्ञापत्र लागतं, चार खेटे घालावे लागतात. मी ते केलं नव्हतं. इतकी वर्षं कुणी विचारलं की सवयीनं तेच तोंडातून जायचं. तेव्हाही ते अगदी ओठांवर आलं होतं.

"वैजयंती मार्तंड निरगुडे," मी म्हणाले. "बार्शी." पण आवाज फुटलाच नाही, माझं मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मधलं परत सांग," हिरानोबाई म्हणाल्या.

"मार्तंड."

"वडील ना?"

"हो."

"मग मोठ्यानं सांग. वडिलांचं नाव कुणी असं पुटपुटतं का?"

मी सांगितलं. इतक्या मोठ्यानं सांगितलं, की फुटपाथवरून घाईनं चाललेली दोन-तीन माणसं थबकली आणि कमानीतून आत बघायला लागली.